प्रेशर वॉशिंगवाल्यांनो, तुम्ही दिवसाचे किती तास काम करता? दिवाळीत मरण अन् पावसाळ्यात रिकामं (नागपूर)

मनीषनगरवाला

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मनीषनगर-बेसा साईडला प्रेशर वॉशिंगचं, म्हणजे मशीनच्या जोरदार फवाऱ्याने धुलाईचं काम करतो, टेरेस, कंपाउंड वॉल, पेव्हर ब्लॉक, सोसायटीची पार्किंग, अधूनमधून सोलर पॅनल. दोन वर्षं झाली सुरू करून. ३ एचपीची एक सिंगल फेज मशीन आहे, एक जुनी व्हॅन आहे तिच्यात ५०० लिटरची टाकी बसवली, अन् मी धरून दोन माणसं. कामाची तक्रार नाही, काम येतं, पण तासांचं गणित काही केल्या बसत नाहीये म्हणून विचारून राहिलो.

मागच्या वर्षी, २०२५ ला, दसरा २ ऑक्टोबरला होता अन् लक्ष्मीपूजन २१ ला. मधल्या दिवसांत मी पहाटे साडेपाचला घर सोडायचो, रात्री साडेनऊ-दहाला परत, मग फोन, कोटेशन, उद्याचे पाईप-नोझल बघणं, झोपायला बारा. एकही सुट्टी नाही. भाऊबीजेला बहीण ओवाळायला आली तेव्हा मी तापाने फणफणलेलो, उठून पाटावर बसता आलं नाही, ती तशीच पलंगाजवळ ओवाळून गेली. ते मला अजून लागून आहे.

अन् त्याच्याआधी जुलै-ऑगस्ट दोन महिने मिळून ११ कामं. हेल्पर पोरगा चांगला तयार झाला होता, तो कंटाळून बुटीबोरीला कंपनीत लागला, मग ऐन दसऱ्याला नवीन पोरगा धरला त्याला पाण्याची गन कशी धरायची तेही माहीत नाही. मे मध्ये तर त्रिमूर्तीनगरला एका टेरेसवर दुपारी एकला मला उलट्या सुरू झाल्या, घरच्या काकूंनी खाली नेऊन पंख्याखाली बसवलं, पन्हं पाजलं, म्हणून निभावलं.

तर विचारायचं असं की तुम्ही लोक दिवसाला किती तास करता, उन्हाळ्यात कोणत्या वेळेला करता, पावसाळ्यात काय करता, अन् मी दिवाळीच्या आधी कर्ज काढून दुसरी मशीन घ्यावी का? आता फेब्रुवारी संपत आला, उन्हाळा डोक्यावर आहे, म्हणून आताच ठरवायचं आहे. जुन्या लोकांनी जरा मोकळं सांगा.

सदरचा_जुना_पंप

भाऊ, आधी तब्येत जपा. मी १२ वर्षं झाली या कामात, तुमच्यासारखंच केलं सुरुवातीला, कंबर घालवून बसलो.

मशीनचं नंतर पाहू. पहिले एक वही करा. मी चौथ्या वर्षी केली. घरून गाडी निघाल्यापासून परत लावेपर्यंत काय काय झालं त्याची वेळ लिहायची. माझं लक्षात हे आलं की ज्याला मी तीन तासांचं काम म्हणून भाव द्यायचो ते सहा तासांचं होतं. सामान चढवणं, जाणं, पाईप टेरेसवर ओढणं, केमिकल टाकून थांबणं, शेवटी सगळं गुंडाळणं, अन् सगळ्यात जास्त वेळ पाण्यात जातो. तुमची मशीन मिनिटाला १५ लिटर ओढत असेल तर ५०० लिटरची टाकी अर्ध्या तासात खाली होते, अन् कस्टमरच्या नळाला मिनिटाला सहा-सात लिटरच येत असेल तर तुम्ही अर्ध्यापेक्षा जास्त वेळ टाकी भरायची वाट पाहत उभे आहात. तो वेळ तुमच्या भावात कुठेच नाही. म्हणून आता माझा फोनवरचा पहिला प्रश्न हाच, पाणी कुठलं, बोअर आहे का, टाकी किती लिटरची. स्क्वेअर फूट नंतर विचारतो. बोअर नसेल तर भाव वेगळा सांगतो, अन् लोक ऐकतात, कारण सांगितलं की पटतं त्यांना.

तासांचं माझं असं आहे की गन हातात दिवसाला पाच तास, त्याच्यावर नाही. घरून निघून परत येईपर्यंत दहा तास होतातच त्याच्यात. पाच तासांनंतर हात थरथरतो, गनचा धक्का खांदा झेलत नाही, मग आपोआप नोझल पृष्ठभागाच्या जवळ जाते अन् प्लास्टरवर, पेव्हरवर पट्टे उमटतात. चायना चिप्सच्या, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांच्या टेरेसवर तर सांध्यातलं सिमेंटच उडते. माझी जेवढी नुकसानभरपाई गेली आजपर्यंत, सगळी संध्याकाळी चारनंतरची आहे. वहीत दिसतं ते.

आता वर्षाचं. कॅलेंडर घेऊन बसा, इंग्रजी तारखांवर नका चालू. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही हजेरी लावून जातो, म्हणजे कोरड्या भिंतीचे दिवस मिळालेच किती? त्याच्यात भिंत धुतल्यावर पेंटरला ती निदान दोन-तीन दिवस सुकलेली पाहिजे. म्हणून सगळ्यांचे फोन एकदम आले, तुम्हालाही आले, मलाही आले. यंदा, २०२६ ला, अधिक महिना आहे, दसरा २० ऑक्टोबरला अन् लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अंतर तितकंच दिसतं, पण पाऊस गेल्यावर दसऱ्याच्या आधीचे दोन आठवडे यंदा मोकळे मिळणार आहेत. ज्यांच्याकडे पेंटर लागणार त्यांना आत्ताच सांगून ठेवा की ऑक्टोबर सुरू झाल्याबरोबर तुमचा नंबर, अन् ज्यांना नुसती धुलाई पाहिजे त्यांना शेवटच्या आठवड्यात टाका. ही एक वाटणी केली तरी तुमचे सोळा तासांचे दिवस बारावर येतील.

उन्हाळ्याचं जेवून आल्यावर लिहितो, ते मोठं आहे.

वाडी_रोड

रात्री काम करा ना भाऊ, सोपं आहे. आम्ही वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये एप्रिल-मे रात्री ९ ते २ करतो, थंड असते, ट्रकही नसतात.

सदरचा_जुना_पंप

गोडाऊनचं ठीक आहे वाडीवाले भाऊ, पण हे मनीषनगरच्या सोसायट्यांत काम करतात. ध्वनी प्रदूषणाच्या नियमात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, वस्तीत त्या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आपली मशीन त्याच्या कितीतरी वर जाते. एका म्हाताऱ्या आजोबांनी पोलिसांना फोन केला तर गेलं काम अन् गेली सोसायटी. तसंही ते आजोबा बरोबरच आहेत, झोपेची वेळ आहे ती.

उन्हाळ्यात मी असं करतो. मे मध्ये नागपुरात सव्वापाचपर्यंत चांगलं दिसायला लागतं. पाचला साईटवर. पाच ते सहा मोटर बंद, तेवढ्यात झाडू, ब्रश, पाईप ओढणं, टाकी भरणं, केमिकल मारणं. सहाला बटण. साडेदहाला बंद, काम अर्धं राहिलं तरी बंद. संध्याकाळी साडेपाचनंतर दीड-दोन तास, तेही सावलीच्या बाजूची भिंत असेल तर, नाहीतर फक्त साईट पाहून कोटेशन द्यायचं. म्हणजे मे मध्ये एका दिवसात एकच काम. नवतपाचे नऊ दिवस, २५ मे पासून, मी टेरेस घेतच नाही, बेसमेंट अन् आतली कामं फक्त. या शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री झालं होतं, आपण सिमेंटच्या स्लॅबवर उभे असतो तिथे पायाखालून वेगळं तापतं ते कोण मोजतं.

नवीन लोकांना एक गोष्ट माहीत नसते, माझे दोन पंप त्याच्यातच गेले. टेरेसवरची काळी टाकी दुपारी इतकी तापते की हात धरवत नाही. आपल्या लहान मशीनच्या पुस्तकात येणाऱ्या पाण्याची मर्यादा बहुतेक ४० डिग्री लिहिलेली असते. ते गरम पाणी ओढलं की पंपात वाफेचे बुडबुडे होतात, खडखड आवाज येतो, सील जातात. म्हणून दुपारी काम केलं तर माणूसही मरतो अन् पंपही. उन्हात टाकलेलं केमिकल दोन मिनिटांत वाळतं, पांढरे डाग पडतात, ते काढायला परत तासभर. हायपोचा, म्हणजे शेवाळ-डाग काढायच्या ब्लीचचा (सोडियम हायपोक्लोराइट) कॅनसुद्धा गाडीत तापवू नका, ऊन लागलं की त्याची ताकद उतरते, मग जास्त ओतावं लागतं. अन् तो संपला म्हणून त्याच्यावर टाइल्सचं ॲसिड तर कधीच टाकू नका, क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये जीव जातो.

सोलर पॅनल दहाच्या आत नाहीतर सोडून द्या, तापलेल्या काचेवर गार पाणी म्हणजे तडा. तेही गनने नाही, मऊ ब्रश अन् नळाचं पाणी. बोअरचं खारं पाणी वापरलं तर पांढरे ठिपके बसतात.

कळमना_साईड

मी मालक नाही, मी तीन वर्षं हेल्पर होतो अशाच एका दादाकडे, आता नाही. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. पण हेल्परच्या बाजूनं कोणी बोलत नाही म्हणून लिहून राहिलो.

तुम्ही म्हणता पोरगा कंटाळून बुटीबोरीला गेला. कंटाळून नाही गेला दादा, जुलैमध्ये त्याला रोजीच भेटली नसेल. काम नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर पैसे नाही, अन् खोलीचं भाडं तर पावसात पण द्या लागते. मी पण तसाच गेलो. तिकडे पगार काही फार नव्हता, पण महिन्याच्या महिन्याला येते, आईला सांगता येते की एवढे देईन. मग दिवाळीच्या टायमाला दादाचा फोन यायचा, ये म्हणे डबल रोजी देतो. एक दिवस सुट्टी टाकून गेलो पण, पण रोज कसं येणार.

तर माझं म्हणणं एवढंच की पावसाळ्यात अर्धा पगार द्या, पण द्या. पोरगा टिकला तर दिवाळीत तुमचे निम्मे तास तोच वाचवेल. नवीन पोराला शिकवता शिकवता तुम्ही एकटेच दोघांचं काम करता ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अजून एक, गमबूट चांगले द्या. दिवसभर ओल्या चपलेत राहून बोटांच्या सांध्यात चिखल्या होतात, रात्री झोप येत नाही इतकी आग होते.

मनीषनगरवाला

कळमनावाले भाऊ, तुमचं वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो. खरं आहे. मी त्याला जुलैत १४ दिवसांचे पैसे दिले फक्त. मला वाटलं तोही समजून घेईल, मलाच काम नाही तर. मी त्याच्या घरी भाडं आहे हा विचारच नाही केला. फोन करतो त्याला.

पण पावसाळ्यात पगार द्यायचा तर पैसा कुठून आणायचा ते कोणी सांगा.

धरमपेठची_वहिनी

आमच्याकडे धुलाईचं काम हे पाहतात अन् फोन, हिशोब, तारखा मी पाहते, म्हणून पैशाचं मी सांगते.

दिवाळीत जे येतं ते दिवाळीचं नसतं हो. आम्ही दसऱ्यापासून ते तुळशीच्या लग्नापर्यंत प्रत्येक कामाच्या पैशातले पाचातला एक हिस्सा त्याच रात्री वेगळ्या खात्यात टाकतो, त्याला आम्ही पावसाळ्याचं खातं म्हणतो, त्याच्यातून दोन मुलांचा जुलै-ऑगस्टचा पगार निघतो. पूर्ण नाही, पाऊण पगार देतो. त्या बदल्यात ती मुलं तेव्हा मशीन खोलून साफ करतात, ऑइल बदलतात, पाईपचे जोड, वॉशर, फाटलेल्या वायरी सगळं. दिवाळीत आमची मशीन एकदाही बंद पडली नाही गेल्या वर्षी, ते या जुलैच्या कामामुळे.

अन् पावसात काम नसतं हेही तितकं खरं नाही. टेरेस नसतं. पण झाकलेलं सगळं असतं, बेसमेंट पार्किंग, हॉटेलचं किचन, जिने, शटरच्या आतली फरशी. आणि शेवाळ! ऑगस्टमध्ये सोसायटीच्या रॅम्पवर, पायऱ्यांवर हिरवं निसरडं होतं, एक आजी घसरल्या की दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन येतो. आम्ही आजी घसरायच्या आधी जातो. मे मध्येच सोसायट्यांना विचारून वर्षाचं ठरवून घेतो, चार वेळा येऊ, फेब्रुवारीत, पावसाच्या आधी, पोळ्याच्या आसपास रॅम्प-पायऱ्या, अन् दिवाळी झाल्यावर टेरेस. दिवाळी झाल्यावर, आधी नाही, हे लिहून घेते मी. गच्ची कोण पाहतं दिवाळीत, पाहुणे गेटमधून येतात. कंपाउंड अन् गेट आधी, गच्ची नंतर, बहुतेक सेक्रेटरी मान्य करतात कारण भाव थोडा कमी लावतो नंतरचा. त्याने आमचे ऑक्टोबरचे चार-पाच मोठे दिवस नोव्हेंबरात सरकले.

यंदा लॉनवाल्यांना पण फोन करा. १७ मे ते १५ जून अधिक महिना, लग्नं नाहीत, लॉन रिकामे राहतील. वर्धा रोड, कोराडी रोडला इतके लॉन आहेत, त्यांना हंगामात धुवायला दिवस भेटत नाही. सकाळी पाच ते साडेदहाची कामं तिथे चांगली होतील, वस्ती थोडी दूर असते अन् बहुतेक लॉनला स्वतःची बोअर असते. मे महिन्यात पिण्याचं पाणी फरशीवर ओतायला मला स्वतःला फार वाईट वाटतं, शेजारी टँकरची वाट पाहत असतात, म्हणून उन्हाळ्यात बोअर नसेल ते काम आम्ही घेतच नाही.

फोनचं पण सांगते. रात्री आठनंतर मी फोन उचलत नाही. सकाळी ९ ते १० एक तास सगळ्यांना उलटा फोन करते. पहिल्या वर्षी वाटलं गिऱ्हाईक जाईल, कोणी गेलं नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला अन् अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या घरात गाळ शिरला ते आठवत असेल सगळ्यांना. तेव्हा मात्र यांनी तास पाहिले नाहीत, मीही पाहू दिले नाहीत, लोक रडत होते, कपाटं, गाद्या, पुस्तकं सगळं चिखलात. जितकं जमलं तितकं केलं, भाव वाढवला नाही. पण आठव्या दिवशी एका मुलाचा पाय सुजला, काच लागली होती ती त्याने सांगितलीच नव्हती, कामाच्या भरात. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी मुलांचे हात-पाय पाहते. असा प्रसंग परत आला तर परत जाऊ, पण पाळी लावून जाऊ, एक दिवसाआड.

सदरचा_जुना_पंप

वहिनींनी जे सांगितलं ते मला जमायला सात वर्षं लागली. दिवाळीनंतर गच्ची, हे तर मी पण यंदा करून पाहतो.

दुसऱ्या मशीनचं राहिलं होतं. कर्ज काढून नका घेऊ. महिना-दीड महिन्याच्या गर्दीसाठी घेतलेली मशीन बाकीचे महिने घरात पडून राहते अन् हप्ता मात्र बाराही महिने येतो. अन् मशीन एकटी चालत नाही, दुसरी टाकी, दुसरी गाडी, दुसरा तयार हात पाहिजे. तुमचा अडथळा मशीन नाहीच, पाणी अन् माणूस आहे. त्या पैशात आधी १००० लिटरची टाकी पाहा, पण व्हॅनला झेपेल का ते मेकॅनिकला विचारून, कारण पाण्याचंच वजन एक टन होतं. अन् फरशी धुवायचा गोल सरफेस क्लीनर घ्या, पार्किंगचं चार तासांचं काम दोनात होतं, कंबर वाकत नाही. दिवाळीपुरती मशीन भाड्याने आणा किंवा कोणा ओळखीच्या धुलाईवाल्याला काम वाटून द्या. मी देतो, तोही मला देतो, आमचं कधी भांडण झालं नाही.

डिसेंबरच्या अधिवेशनाआधी सरकारी इमारतींची कामं निघतात, ठेकेदार फोन करतो, रात्रंदिवस करून द्या म्हणतो. मी एकदा केलं, पैसे पुढच्या पावसाळ्यापर्यंत आले नाहीत. अर्धा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय जाऊ नका, हे कोणत्याही ठेक्याच्या कामाला लागू आहे.

वाडी_रोड

मनीषनगरवाले भाऊ, नोव्हेंबरपर्यंत माझी एक मशीन मोकळी असते दर वर्षी, गोडाऊनवाले दिवाळीनंतरच बोलावतात. ऑक्टोबरला घेऊन जा, भाडं आपण बोलू. वायर मात्र तुमची आणा, २.५ स्क्वेअर एमएमची थ्री-कोर, बारीक वायरवर माझी मोटर जळाली आहे एकदा. अन् ३० एमएचा (मिलिअँपिअर) आरसीसीबी बोर्ड, करंट गळला की आपोआप वीज तोडतो तो, सोबत ठेवा, कस्टमरच्या घरच्या अर्थिंगवर भरवसा नका ठेवू, ओल्या फरशीवर उभे असतो आपण.

मनीषनगरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. वाडीवाले भाऊ, मशीनचं पक्कं समजा, मेसेज केला आहे.

मी काल रात्री बसून मागच्या ऑक्टोबरचे फोनमधले मेसेज काढून यादी केली. ३१ कामं होती, त्यातल्या ९ गच्च्या सोसायट्यांच्या, त्या सरळ नोव्हेंबरात टाकता आल्या असत्या. पेंटरवाली १२, ती दसऱ्याच्या आधी घेतो यंदा. वही पण आणली, आज पहिलं पान लिहिलं, प्रतापनगरचं काम, गन चालली २ तास १० मिनिटं, घर ते घर ५ तास ४० मिनिटं. त्यातला दीड तास नुसता नळाखाली टाकी भरायला.

अन् त्या पोराला फोन लावला होता. तो म्हणाला कंपनीत तीन महिन्यांचा करार उरला आहे, मे संपला की येतो, पण जूनपासून महिन्याचा पगार ठरवून द्या, पावसाचा पण. मी हो म्हटलं. आकडा ठरायचा आहे, रविवारी त्याच्या घरी जाणार आहे, त्याच्या आईसमोरच बोलतो. वहिनी, तुम्ही तो पाऊण पगार रोजीवर काढता की हंगामाच्या सरासरीवर? तेवढं सांगाल का रविवारच्या आधी.

धरमपेठची_वहिनी

नोव्हेंबर ते मे, सात महिन्यांत त्याला जे भेटलं त्याची सरासरी काढा अन् त्याचा पाऊण. ऑक्टोबर धरू नका, तो महिना फुगलेला असतो, त्याचं वेगळं बक्षीस म्हणून द्या. अन् आईसमोर जाताय ते फार चांगलं करताय, सोबत पहिल्या महिन्याचा थोडा ॲडव्हान्स घेऊन जा.